बाटलीतला अर्जुन, ताटातले जवस

आळंदीहून निघालेली माऊलींची पालखी नातेपुते, माळशिरस करीत वेळापूरला मुक्कामाला येते. गावाच्या अलीकडे खुडूस फाट्याला रिंगण होते आणि पुढे टेकडीच्या उतारावर धावा. याच टेकडीवरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी आमच्याकडची श्रद्धा आहे. म्हणून साठी-सत्तरीची माणसेही त्या उतारावर टाळ सावरीत पळतात. माझे चुलते, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते, चाळीसएक वर्षे तिथे पळाले. २०२३ सालचा धावा त्यांचा शेवटचा ठरला.

पालखी पंढरपूरला पोचली, आषाढी झाली आणि आठवडा बाजारात एक टेम्पो उभा राहिला. ‘नसांचे ब्लॉकेज मोकळे करा, आयुष्यभराच्या गोळ्यांपासून सुटका मिळवा,’ असे कर्ण्यावरून सांगणे चालले होते. बाटलीत अर्जुनसाल, लसूण, आले, लिंबू आणि मध. यातले काहीच परके नाही. अण्णांना आठ वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू होती. त्यांच्यासाठी दोन बाटल्या मीच विकत घेतल्या.

अण्णा म्हणाले, ‘‘आरं, झाडपाल्याचं हाय न्हवं? मग ह्या गोळ्या कशापायी खायाच्या?’’

मी म्हणालो, ‘‘अण्णा, दोन्ही घ्या की.’’

‘‘दोन्ही घेतलं तर उष्णता हुईल.’’

मी पुढे बोललो नाही. सहा आठवड्यांनी एका पहाटे गोठ्यात त्यांच्या उजव्या हातातली बादली निसटली. दवाखान्यात रक्तदाब भरला २१० आणि १२०. मेंदूतल्या एका बारीक रक्तवाहिनीत अडथळा आला होता. माणूस वाचला, बोलू लागला, काठी धरून चालूही लागला. मात्र उजव्या हातात टाळ ठरत नाही.

आता न्यायाने बोलायचे तर त्या काढ्याने अण्णांना विषबाधा झाली नव्हती. गोळी चालू असतानाही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो, हेही खरे. पण काढ्याने गोळीची जागा घेतली आणि सहा आठवडे अण्णांचा रक्तदाब कोणी मोजला नाही. या दोन गोष्टी घडल्या नसत्या तर निदान धोका पुष्कळ कमी झाला असता, असे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले. तेव्हापासून या विषयावर जे वाचता आले ते वाचत आलो आहे. ते कुटुंबातल्या सर्वांपर्यंत पोचावे म्हणून हा लेख.

‘नस’ म्हणजे नेमके काय?

आपल्या बोलीत ‘नस’ हा शब्द फार मोठे ओझे वाहतो. पायात गोळा आला की नस चढली, कंबर धरली की नस दबली, हृदयविकार झाला की नस बंद झाली, हाताला मुंग्या आल्या की नसा कमजोर. पहिले दुखणे स्नायूचे, दुसरे आणि चौथे बहुधा मज्जातंतूंचे आणि तिसरे धमनीचे. शरीरातले तीन निरनिराळे कारभार आपण एका शब्दात बसवले आहेत. ‘नसांसाठी रामबाण’ म्हणून विकणाऱ्याला याहून सोयीचे काय असणार? प्रत्येक जण आपापले दुखणे त्या शब्दात ओततो.

दुसरा गैरसमज नळीचा. रक्तवाहिनी म्हणजे पाण्याची पाइप, तीत कचरा साचला, आम्लाने किंवा काढ्याने तो धुऊन काढायचा, अशी आपली कल्पना असते. पण धमनी ही जिवंत असते. तिच्या आतल्या बाजूला पेशींचे एक अतिशय पातळ अस्तर असते. १९८० साली अमेरिकेतल्या रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवून दिले की हे अस्तर शाबूत असेल तरच काही विशिष्ट रसायनांनी धमनी सैल पडते. अस्तरातून सुटणारा तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू, हे पुढे सिद्ध झाले आणि त्या कामाबद्दल फर्चगॉट यांच्यासह तिघांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चरबीचा थर साचतो तो या अस्तराच्या आत, भिंतीत. तो पृष्ठभागावरचा गाळ नसल्यामुळे लिंबाच्या रसाने खरवडून निघत नाही. अस्तर बिघडते ते वाढलेल्या रक्तदाबाने, साखरेने, तंबाखूने आणि कोलेस्टेरॉलने. म्हणून रक्तवाहिन्या जपायच्या म्हणजे ही चार माणसे दारात येऊ द्यायची नाहीत.

मुंबईतले ५० रुग्ण

वनस्पतींचा रक्तवाहिन्यांवर काही परिणामच होत नाही, असे मात्र कोणी समजू नये. या बाबतीत सबंध जगाला धडा देणारे उदाहरण आपल्या मुंबईचे आहे.

सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे सर्पदंशापासून वेडापर्यंत अनेक गोष्टींवर शतकानुशतके वापरले जाई. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी, हे मूळ रक्तदाब उतरवते असे लिहून ठेवले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळातली अल्कलॉइडे वेगळी काढली. मुंबईतले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी हे औषध वर्षानुवर्षे रुग्णांना दिले, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. रक्तदाबाचे ५० रुग्ण त्यांनी काळजीपूर्वक निवडले, औषधाआधी आणि नंतर त्यांचा रक्तदाब मोजून लिहून ठेवला आणि १९४९ साली तो अहवाल ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. बोस्टनच्या डॉक्टरांनी तो वाचून आपल्याकडे पडताळून पाहिला. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातून रेसरपिन हे शुद्ध द्रव्य वेगळे केले आणि रक्तदाबावरच्या आधुनिक उपचारांतले एक पहिले प्रभावी औषध जगाला मिळाले. डॉ. वकील यांना १९५७ साली लास्कर पारितोषिक मिळाले आणि १९५८ साली पद्मभूषण.

या गोष्टीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. रेसरपिनची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत मोजावी लागते. ती वाढली तेव्हा काही रुग्णांना खोल औदासीन्याने घेरले. पुढे अधिक सौम्य औषधे आली आणि रेसरपिन मागे पडले. म्हणजे झाडाच्या मुळात ताकद होती आणि त्या ताकदीला धारही होती. ती किती, कोणाला, कितपत द्यायची हे मोजल्यानंतरच ते औषध झाले. माझ्या बाजारातल्या बाटलीमागे असा एकही मोजलेला रुग्ण नव्हता. झाडपाला विरुद्ध रसायन असा वाद आपण घालत बसतो, पण अण्णांच्या बाबतीत प्रश्न होता तो मोजलेल्या आणि न मोजलेल्या औषधाचा.

गुग्गुळ, लसूण आणि अर्जुन

मोजल्यावर प्रत्येक वनस्पती सर्पगंधेसारखी उत्तीर्ण होतेच असे नाही. गुग्गुळाचे पाहा. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली आपल्या प्रबंधात आयुर्वेदातल्या मेदोरोगाच्या वर्णनाचा धागा पकडून गुग्गुळाचा प्राण्यांवर अभ्यास केला. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्याचा अर्क तयार केला आणि १९८० च्या दशकात कोलेस्टेरॉलचे औषध म्हणून तो बाजारात आला. भारतातल्या चाचण्यांचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. मग २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे चाचणी झाली. नुसत्या दिखाऊ गोळीवर असलेल्यांचे वाईट कोलेस्टेरॉल ५ टक्क्यांनी उतरले आणि गुग्गुळ घेणाऱ्यांचे ४ ते ५ टक्क्यांनी चढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले.

लसणाची गत काहीशी तशीच. २००७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९२ जणांना सहा महिने कच्चा लसूण, लसणाच्या दोन प्रकारच्या गोळ्या किंवा दिखाऊ गोळ्या दिल्या. कोलेस्टेरॉलमध्ये कोणाच्याही फरक पडला नाही. रक्तदाबावर लसणाचा थोडाफार परिणाम दिसल्याचे काही लहान अभ्यास आहेत, पण गोळी सोडून द्यावी असे त्यातल्या एकानेही सिद्ध केलेले नाही.

अर्जुनाचे चित्र जरा गुंतागुंतीचे आहे आणि म्हणून लक्ष देण्यासारखे आहे. दंडाला पट्टा आवळून काही मिनिटे रक्त थांबवायचे, मग पट्टा सोडून धमनी किती रुंदावते हे सोनोग्राफीने पाहायचे, ही अस्तराचे आरोग्य तपासण्याची एक पद्धत. धूम्रपान करणाऱ्या १८ तरुणांची अशी तपासणी झाली आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन आठवडे अर्जुनसाल घेतल्यावर धमनीचे रुंदावणे सुधारल्याचे दिसले. बातमी आशेची खरी, पण रुग्णसंख्या १८ आणि काळ दोन आठवडे. दिल्लीच्या एम्समध्ये हृदयाची ताकद कमी झालेल्या १०० रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला १२ आठवडे अर्जुनसालीचा अर्क दिला गेला. २०१६ साली निष्कर्ष आला की हृदयाच्या पंपाच्या ताकदीत फरक पडला नाही. अर्जुनावर आणखी संशोधन व्हावे, जरूर व्हावे. परंतु संशोधन चालू असलेली गोष्ट सिद्ध झालेली म्हणून विकणे हा वेगळा उद्योग आहे.

२०२२ साली अमेरिकेच्या क्लीव्हलँड क्लिनिकने सुमारे १९० जणांत समोरासमोर तुलनाच केली. एका बाजूला रोसुव्हास्टॅटिनची ५ मिलिग्रॅमची लहान गोळी, दुसऱ्या बाजूला लसूण, दालचिनी, हळद, वनस्पती-स्टेरॉल, लाल यीस्टचा तांदूळ आणि माशाचे तेल अशी सहा पूरके. २८ दिवसांत गोळीने वाईट कोलेस्टेरॉल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरवले. सहापैकी एकाही पूरकाला दिखाऊ गोळीपेक्षा अधिक काही साधले नाही. या चाचणीचा खर्च ती गोळी काढणाऱ्या कंपनीने केला होता आणि ती जेमतेम महिनाभर चालली, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. तरीही ३८ टक्के आणि जवळजवळ शून्य यांतले अंतर एवढ्याने मिटत नाही.

लेबलावरची बारीक अक्षरे

अण्णा दवाखान्यातून घरी आल्यावर मी ती बाटली चष्मा लावून वाचली. पुढच्या बाजूला मराठीत मोठ्या अक्षरांत हृदयाचे चित्र आणि आश्वासन. मागे बारीक इंग्रजीत दोन गोष्टी होत्या. एक, अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक. दुसरी, ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ. आरोग्यपूरक पदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली जे नियम केले त्यांत ही ओळ सक्तीची आहे. परवान्याचा क्रमांक सांगतो तो एवढेच की हा पदार्थ अन्न म्हणून नोंदला गेला आहे. त्याने रोग बरा होतो, हे कोणी तपासल्याचा तो दाखला नव्हे. म्हणजे कायद्यापुढे ते अन्न आणि कर्ण्यावर ते औषध!

कायदा नाही असेही नाही. १९५४ सालचा औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा आजही लागू आहे. ज्या रोगांवर उपचाराच्या जाहिराती करण्यास त्याने बंदी घातली आहे त्या यादीत रक्तदाब, हृदयरोग आणि धमन्यांचे काठिण्य हे तिन्ही आहेत. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने पतंजलीच्या जाहिरातींचे प्रकरण धसास लावले आणि कंपनीला वृत्तपत्रांतून जाहीर माफी मागावी लागली. पण दिल्लीतल्या न्यायालयाचा आवाज आमच्या बाजारातल्या कर्ण्यापर्यंत पोचत नाही. टेम्पो एका गावात आठवड्यातून एक दिवस उभा राहतो. तक्रार घेऊन जाईपर्यंत तो पुढच्या गावी गेलेला असतो.

‘नैसर्गिक आहे, गुण नाही आला तरी अवगुण नाही,’ हे वाक्य तर घरोघरी ऐकू येते. भजनी मंडळी आवाजासाठी ज्येष्ठमधाची कांडी चघळतात. तेच ज्येष्ठमध रोज भरपूर पोटात गेले तर शरीरात मीठ धरून ठेवते, पोटॅशियम घटवते आणि रक्तदाब चढवते. रक्त पातळ करण्याची औषधे चालू असणाऱ्याने लसणाचा तीव्र अर्क वा गोळ्या घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. जपानमध्ये कोलेस्टेरॉल उतरवणारी म्हणून लाल तांदळाची पूरके विकली जात. २०२४ च्या मार्चमध्ये कोबायाशी कंपनीला ती परत मागवावी लागली, कारण ती घेणाऱ्या अनेकांची मूत्रपिंडे बिघडली होती. उत्पादनात बुरशीपासून आलेले विषारी द्रव्य सापडले. जपानसारख्या शिस्तीच्या देशात हे घडले, मग आमच्या टेम्पोतल्या बाटलीत काय असेल ते कोणी पाहिले आहे?

हे सारे आयुर्वेदाविरुद्ध आहे असे कृपा करून वाचू नये. जाणता वैद्य नाडी पाहतो, आहार विचारतो, चालू औषधांची चौकशी करतो आणि पुन्हा बोलावतो. बाटली यातले काहीच करत नाही. अण्णांना आठ वर्षांची गोळी चालू आहे, हे तिला ठाऊक नव्हते. ते मला ठाऊक होते.

ताटातले औषध

मग वनस्पतींनी रक्तवाहिन्यांचे भले होतच नाही का? होते, आणि त्याचा पुरावाही आहे. फक्त तो बाटलीपेक्षा ताटाच्या बाजूने अधिक आहे.

आपल्या आजीच्या फडताळात जवसाची चटणी असे. कॅनडातल्या विनिपेगमध्ये पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांना सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेले जवस पदार्थांतून दिले गेले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, जवस न घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा वरचा रक्तदाब सुमारे १० आणि खालचा ७ अंकांनी कमी भरला. यातल्या बहुतेकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालूच होत्या. जवस त्यांच्या जोडीला होते. ३० ग्रॅम म्हणजे चांगले तीन-चार चमचे, बोटाला लागेल एवढी चटणी नव्हे. अख्खे जवस न पचता निघून जातात म्हणून ते कुटलेले हवेत आणि चटणीत मीठ बेताचे हवे.

पालक, राजगिरा, मुळा, बीट यांत नायट्रेट असते. तोंडातले जंतू त्याचे रूप बदलतात आणि शरीरात त्यापासून तेच नायट्रिक ऑक्साइड तयार होते, जे धमनी सैल करते. लंडनमध्ये रक्तदाबाच्या रुग्णांना चार आठवडे रोज पाव लिटर बीटाचा रस दिला तेव्हा वरचा रक्तदाब साधारण ८ अंकांनी उतरला आणि रस थांबवल्यावर पुन्हा चढला. हे २०१५ चे संशोधन. १९९७ साली अमेरिकेत ४५९ जणांवर झालेल्या ‘डॅश’ आहाराच्या चाचणीत फळे, भाज्या आणि कमी स्निग्ध दूध-दही यांनी रक्तदाबाच्या रुग्णांचा वरचा आकडा सुमारे ११ ने खाली आणला. त्यात कोणतीही बाटली नव्हती. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र आहारात असा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

आमचा सोलापूर जिल्हा या बाबतीत दरिद्री नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भाकरी, पालेभाजी, कडधान्याची उसळ, जवस-कारळ्याची चटणी हे आमचे जुने ताट रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने चांगलेच होते. ऊस आला, हातात पैसा आला, तसे ताटही बदलले. बिस्किटे, फरसाण, वडापाव आणि गोड चहाच्या फेऱ्या आल्या. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. आपले लोणचे, पापड आणि फरसाणच तेवढे संपवतात. त्यात तंबाखू. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी कोपऱ्याकोपऱ्यांवर पुड्या मिळतातच. तंबाखूची पुडी खिशात ठेवून नसांच्या सफाईचा काढा पिणे म्हणजे एका हाताने विहीर उपसायची आणि दुसऱ्या हाताने भरायची.

मोजणे एवढेच

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. २० वर्षांवरच्या ३५.५ टक्के भारतीयांत उच्च रक्तदाब आढळला. पंगतीत बसलेल्या दर तिघांत एक! त्यातल्या कित्येकांना त्याचा पत्ता नसतो, कारण रक्तदाब दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच गोळी सोडावीशी वाटते. ‘एकदा सुरू झाली की सुटत नाही’ ही तक्रार खरी आहे, पण तो दोष गोळीचा नाही. चष्मा काढला की पुन्हा अंधूक दिसते, म्हणून कोणी चष्म्याचे व्यसन लागले असे म्हणत नाही.

उपाय दूर नाही. राज्य शासनाच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या जिल्ह्यांत आमच्या शेजारचा सातारा होता. ठरलेली औषधे, घराजवळच्या केंद्रातून महिन्याची गोळी, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि न आलेल्याची चौकशी, एवढीच त्याची साधी रीत. डॉ. वकील यांनी ५० रुग्णांचे आकडे लिहिले त्याच वाटेने जाणारी.

तेव्हा आज रविवारी एक काम करावे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या औषधांचा डबा उघडावा. त्यात बाटली, चूर्ण, काढा जे असेल ते त्यांच्याशी न भांडता पाहावे आणि त्यांना एवढेच विचारावे, ‘‘हे सुरू केल्यापासून जुनी गोळी चालू आहे ना? शेवटचा रक्तदाब कधी मोजला?’’ उत्तर अडखळले तर उद्याच आरोग्य केंद्रात घेऊन जावे, बाटलीही सोबत न्यावी आणि डॉक्टरांपुढे ठेवावी. मी हे दोन प्रश्न विचारले नाहीत.

पालखी येते तेव्हा अण्णा आता रस्त्याकडेला खुर्चीवर बसतात. डाव्या हाताने मांडीवर ठेका धरतात. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. गोळी मात्र रोज सकाळी मी स्वतः त्यांच्या हातावर ठेवतो आणि ते ती गिळेपर्यंत उभा राहतो.